राहीच्या बांधावरचा कांदा

तुरंबवाडीच्या शिवारात शिरलं की आधी बुजगावणी दिसतात. दुसरीकडं बुजगावण्याला फाटका सदरा घालतात आणि डोक्याच्या जागी गाडगं पालथं घालतात. इथलं प्रत्येक बुजगावणं बाई आहे. लुगडं नेसलेली, डोक्याला मात्र पुरुषाचा लाल पटका. पायाशी एक भाकरी आणि एक अख्खा कांदा. शेजारून जाणारा माणूस, मग तो सरपंच असो नाहीतर फटफटीवरचं पोरगं, तिथं थांबतो आणि विचारतो, "राही, जेवलीस का गं?"

विचारून लगेच निघायचं नाही. उत्तर येईपर्यंत थांबायचं. बुजगावणं काही बोलत नाही, तेव्हा आसपासचं एखादं पाखरू बोललं की ते उत्तर धरतात. गावातल्या बऱ्याच जणांची एसटी यात चुकते.

हे सगळं त्या ओढ्याकडच्या बांधावर चौकोनी धोंडा दिसतोय ना, तिथून सुरू झालं.

त्या शेतात कोंडाबाईचं घर राबायचं, असं सांगतात. कोंडाबाई जिभेची तिखट. तिचा मुलगा सटवाजी, सून राही, आणि नातीचं नाव तानी, अंगावर पिणारी. राहीला कांद्याशिवाय भाकरी जायची नाही. कोंडाबाईनं तिचा कांदा बंद केला होता. अंगावर पाजणाऱ्या बाईनं कांदा खाल्ला की पोराचं पोट दुखतं, असं तिचं म्हणणं. राही म्हणायची, "आत्याबाई, पोट तानीचं आहे, तिला विचारा की." तानी बोलायच्या वयाची नव्हती, त्यामुळं निकाल सासूच्या बाजूनं लागला. राहीनं कोरडी भाकरी खाल्ली आणि आठवडाभर सासूशी बोलली नाही.

त्या साली गावात देवी आल्या. अंगावर फोड उठायचे, ताप चढायचा, आणि घरंच्या घरं रिकामी व्हायची. सटवाजी त्यात गेला. शाळू, म्हणजे हिवाळी ज्वारी, तेव्हा नुकता दाण्यात आला होता, आणि भोरड्यांचे थवे उतरायला लागले होते. भोरडी हे पाखरू दिसायला गुलाबी आणि देखणं, पण थवा बसला की उभं रान नुसत्या धाटांचं करून जातो. पेवात दाणा नव्हता. हे पीक गेलं असतं तर देवीनं सोडलेली माणसं उपाशी मेली असती. रडायला सवड मिळाली नाही. राहीनं नवऱ्याचा लाल पटका डोक्याला गुंडाळला, गोफण घेतली आणि शेताच्या मधोमध चार मेढींवर बांधलेल्या माळ्यावर चढली. दिवसभर "हो हो हो" असा हाकारा घालायची. तो हाकारा घरापर्यंत यायचा. तो ऐकला की तानी रडायची थांबायची, म्हणे.

एके दिवशी कोंडाबाई नातीला पाजायला घेऊन गेली, तर राही माळ्यावरूनच ओरडली, "आत्याबाई, तिथंच थांबा. अंगावर उठलंय माझ्या."

कोंडाबाई बांधावर थांबली.

"मी आता घरी येत नाही," राही म्हणाली. "तानीला शेळीचं दूध पाजा, इकडं आणू नका. भाकरी त्या धोंड्यावर ठेवत जा, मी उतरून घेईन. पाखरांचं मी बघते."

तानी आईकडं हात करून किंचाळत होती. कोंडाबाईनं तिला पदरात गुंडाळलं आणि मागं वळून न बघता घरी गेली.

आता त्या वेळी गावात एक पक्की समजूत होती. जिच्या अंगावर देवी आल्यात, तिला नाव घेऊन हाक मारायची नाही. देवीला वाटतं, आपल्यालाच बोलावलं. मग ती हाक मारणाऱ्याच्या घरी येते. कोंडाबाईच्या घरी होतं कोण, तर तानी. तेव्हा हाक मारायचा प्रश्नच नव्हता. पण गप्प बसणं हेही कोंडाबाईला जमण्यातलं नव्हतं. तिनं तोड काढली. ती धोंड्याशी बोलायला लागली. लेकी बोले सुने लागे, तसं. धोंड्याकडं बघून म्हणायची, "शेळीचं दूध पचतंय हो कुणाच्या तरी लेकीला." वरून मोठ्यानं हाकारा यायचा. तेवढं बोलणं दोघींना पुरायचं.

भाकरीबरोबर कोंडाबाईनं कांदा ठेवायला सुरुवात केली. चांगला मोठा, लाल. 'चुकलं माझं' असं तोंडानं म्हणण्याची तिच्या घराण्यात पद्धत नव्हती.

पहिले काही दिवस भाकरी जायची आणि कांद्याची सालं तेवढी धोंड्याखाली पडलेली असायची. कोंडाबाई ती सालं बघून खूश होऊन घरी जायची.

मग हाकारा बारीक होत गेला. एक दिवस आलाच नाही. कोंडाबाईनं बांधावरून पाहिलं, तर राही माळ्यावर, वर निघालेल्या एका मेढीला टेकून उभी, लाल पटक्याचं टोक वाऱ्यावर उडतंय, हातातली गोफण हलतेय. देवी घशात उतरल्यावर आवाज बसतो, हे तिला ठाऊक होतं. भाकरी फस्त झाली होती. कांदा मात्र तसाच.

दुसऱ्या दिवशीही भाकरी गेली आणि कांदा राहिला. देवीनं शिवलेल्या बाईचं उष्टं उचलायचं नसतं, म्हणून कोंडाबाईनं तो कांदा तिथंच राहू दिला आणि शेजारी नवा ठेवला, आधीपेक्षा मोठा. तोही राहिला. असे धोंड्यावर कांदे मांडले जायला लागले.

कोंडाबाईला वाटलं, सून रुसली. जुना राग आत्ता काढतेय. ती धोंड्याला म्हणाली, "एकेकीचा राग मरेपर्यंत जात नाही बघ." वरून काही उत्तर नाही. पूर्वी राहीनं एका शब्दाला चार शब्द परत केले असते. कोंडाबाईनं घरी येऊन शेजारणीला सांगितलं, की देवीनं आमच्या सुनेला वळण लावलं, आता उलटून बोलत नाही. शेजारीण म्हणाली, "नशीबवान आहेस."

इकडं तानी रात्रंदिवस रडत होती. कोंडाबाईनं तिची दृष्ट काढली.

शाळू मात्र असा आला, की तसा पुढं कधी आला नाही म्हणतात. कणसं हाताच्या पंजाएवढी, एका दाण्याला चोच लागलेली नाही. दुसऱ्यांच्या रानात भोरड्यांनी धुमाकूळ घातला होता. लोक बांधावर येऊन लांबूनच राहीकडं बघायचे आणि म्हणायचे, राखण असावी तर अशी. आपापल्या सुनांना दाखवायलाही घेऊन यायचे.

शेवटी देवी ओसरल्या. गावानं लिंब आणि नारळ वाहून त्यांना शिवेपर्यंत पोचवलं, बोळवण केली. त्या सकाळी पहिल्यांदा हाक मारायची मुभा झाली. कोंडाबाई तानीला कडेवर घेऊन बांधावर आली. मागून काढणीला माणसं येत होती. इतक्या दिवसांचं बोलणं तिच्या तोंडात साठलं होतं, पण बाहेर पडलं एवढंच.

"राही, जेवलीस का गं?"

पटका हलला. गोफण हलली. राही काही बोलली नाही.

कोंडाबाईनं खाली पाहिलं. धोंड्यावर कांदे रांगेनं होते. कडेच्या जुन्या कांद्यांना हिरवे कोंब आले होते. आणि शेवटच्या कांद्याजवळ, कालच्या भाकरीचे तुकडे ओढत, चार भोरड्या जेवत होत्या. माणूस आलंय म्हणून उडाल्यासुद्धा नाहीत. रोजच्या ओळखीच्या होत्या.

माणसं माळ्यावर चढली. राहीनं स्वतःला कमरेशी आणि छातीशी मेढीला बांधून घेतलं होतं, सटवाजीच्याच पटक्याचा अर्धा भाग फाडून. गाठी पक्क्या आणि विचार करून मारलेल्या होत्या. गोफण हातातून सुटेना, तेव्हा तिच्याबरोबरच ती मातीत ठेवली, त्या धोंड्याच्या पलीकडं.

मागं एका पाहुण्यानं विचारलं होतं, की इतके दिवस गिधाडं कशी आली नाहीत. तर पाखरांचं ती बघत होती.

शाळू का वाचला, यावरून गावात दोन तट पडले. एक म्हणतो, पाखरं तिला भ्याली. दुसरा म्हणतो, भ्याली कसली, सासूच्या भाकऱ्या खाऊन त्यांचं पोट भरलेलं होतं. हा वाद अजून मिटलेला नाही, म्हणून इथलं बुजगावणं पाखरांना भीतीही घालतं आणि जेवायलाही.

कोंडाबाईनं त्यात भाग घेतला नाही. माणसं माती लोटून बाजूला झाली, तेव्हा ती धोंड्यापाशी बसली आणि ते सगळे कांदे एकेक करून बुक्कीनं फोडले. मग हात न पुसता तशीच बसून राहिली. कुणीतरी म्हणालं, चला आता. ती म्हणाली, "विचारलंय मी तिला. उत्तर येऊ दे."

तानी रडत होती. माणसं शाळू काढत होती, कारण तो काढायचाच होता. ऊन उतरायला लागलं तेव्हा एक भोरडी येऊन रिकाम्या माळ्यावर बसली आणि बोलली. तानी एकदम गप्प झाली. कोंडाबाई उठली, नातीला कडेवर घेतलं आणि घरी गेली. त्या वर्षी तानीनं पहिला घास खाल्ला तो याच शाळूचा. पुढं ती इथंच नांदली. आज निम्मं गाव तिच्या वंशातलं आहे, आणि उरलेलं निम्मं म्हणतं, आम्हीपण.

आजही शाळूच्या काढणीला घरोघरच्या सासवा त्या धोंड्यावर जातात, बुक्कीनं कांदा फोडतात आणि अर्धा सुनेच्या हातावर ठेवतात. सून अंगावर पाजणारी असली तर तिला आधी. एरवी या गावातल्या सासवा कुणासमोर रडत नाहीत. त्या दिवशी सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी येतं. विचारलं तर म्हणतात, कांदा तिखट आहे.

मग त्या बुजगावण्याकडं तोंड करून विचारतात, आणि पाखरू बोलेपर्यंत उभ्या राहतात.