गुडघ्यांची एअरबॅग

चाकणच्या एका मोटार कारखान्यात नव्या गाडीची बैठक चालली होती. चालकाच्या गुडघ्यांना वाचवणारी एअरबॅग मालक निंबाळकर साहेबांना उगाच वाटत होती.

"काढून टाका ती. अपघातात माणसाचं डोकं वाचलं की झालं, गुडघ्यांत असं काय ठेवलंय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. सुरक्षा विभागाच्या वैजयंती ढमढेरेंना मात्र कुबड्यांवर आलेले कितीतरी चालक आठवले. त्या शांतपणे म्हणाल्या, "काढते, साहेब. फक्त तुमच्या गाडीतली राहू दे."

"माझ्याच का?"

"काहींची अक्कल गुडघ्यात असते, साहेब. त्यांचं डोकं वाचवायचं तर एअरबॅग तिथंच हवी."

निंबाळकर आधी लालबुंद झाले, मग पोट धरून हसत सुटले. एअरबॅग राहिली, आणि तीही सगळ्याच गाड्यांत.