संकासुराचं गाऱ्हाणं

माझ्या माहेरी, कोकणात, रवळनाथाच्या जत्रेला दशावतारी नाटक व्हायचं आणि देव पालखीत बसून ते बघायचा. संकासुर नावाच्या विनोदी राक्षसाचं सोंग झिलू मेस्त्री घ्यायचा. काय हसवायचा मेला! एका जत्रेत तो पालखीकडे वळून म्हणाला, "देवा, तू आत आसस तरी काय रे? घंटा वाजवून हात दुखले, तरी ओ देणस नाय!" आम्ही बायका तोंडाला पदर लावून हसलो.

देवळाचे मानकरी दाजी खोत मात्र भडकले. "नास्तिक मेलो! देवाचो अपमान करतंस? सकाळी गाऱ्हाणा घालून माफी माग, नायतर ह्या गावात परत सोंग घेवचा नाय!"

सकाळी गाव देवळात जमला. गाऱ्हाण्याची आमची रीत अशी, की एकजण देवाला विनवतो आणि त्याच्या प्रत्येक बोलामागे सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. जन्माची सवय, जीभ आपसूक वळते.

झिलूनं हात जोडले. "बा देवा म्हाराजा, मी तुझी मस्करी केलंय."

"व्हय म्हाराजा!"

"ती तुका सोसली, म्हणान मी आज उभो आसय."

"व्हय म्हाराजा!"

"पण तुका तुझो मान राखूक जमणा नाय, असा दाजी खोतांका वाटता. ह्या नास्तिकपणाची तेंका माफी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज दाजींचा होता. शब्द तोंडातून गेल्यावर ते दचकले, देऊळभर हशा पिकला आणि शेवटी त्यांनाही हसू आवरेना. पुढच्या जत्रेलाही संकासुर झिलूच झाला. देवासकट हसणारा तो गाव आता मला स्वप्नातच दिसतो.