टोचणारं घोंगडं

माणदेशात एका गावी मायाक्का नावाची एक विणकर बाई राहत होती. तिची घोंगडी पंचक्रोशीत नावाजलेली. पण बाजारात यंत्रावरची गुबगुबीत ब्लँकेटं आली आणि तिचं गिऱ्हाईक आटलं. माग विकायची पाळी आली. मागाचं लाकूड घ्यायला सुतार येऊन पाहूनही गेला. सासूच्या हातचा तो माग, मायाक्काचा जीव तुटला.

तिचा दीर सिद्धू मोठा हिकमती. त्याने मोबाइलवरून इंटरनेटवर दुकान थाटलं. घोंगड्याचा झकास फोटो टाकला आणि खाली लिहून दिलं, ‘रेशमासारखं मऊ!’ वहिनीला विचारायची त्याला गरजच वाटली नाही.

ऑर्डरी धडाधड आल्या. घरात आनंदीआनंद झाला. पण आठवडाही लोटला नाही तोच एकेक घोंगडं परत यायला लागलं. सगळ्यांची तक्रार एकच: टोचतं. जाण्यायेण्याचा खर्च अंगावर पडला तो वेगळाच.

सिद्धू म्हणाला, “वैनी, आता लोकरीत मिलचा धागा मिसळा. टोचायचं न्हाई, कुनाला कळायचंबी न्हाई.”

मायाक्काने परत आलेल्या घोंगड्यावरून हात फिरवला. घोंगड्याची काय चूक? ते होतं तसंच होतं.

“भावजी, मेंढीची लोकर हाय, टोचनारच. तसंच लिवा.”

“आन् घेनार कोन?”

“ज्याला खरं घोंगडं पायजे, त्यो घील.”

सिद्धूने कपाळाला हात लावला, पण लिहिलं: ‘अस्सल मेंढीची लोकर, हातमागावर विणलेली. नवं असताना टोचतं. मऊ हवं असेल त्यांनी घेऊ नये.’

दुकानात शुकशुकाट झाला. सिद्धू येता-जाता टोमणे मारी. मायाक्का आपली विणत राहिली.

एक दिवस फोन वाजला. लांबच्या शहरातल्या एका तालमीचे वस्ताद बोलत होते. “बाई, घोंगडं म्हणून दोनदा मागवलं, दोन्ही वेळा फसलो. मऊसूत निघालं, लोकरीचा पत्ता नाही! टोचतं असं तुम्ही स्वतःच लिहिलंत, तेव्हा खात्री पटली. माझ्या तालमीतल्या सगळ्या पोरांना एकेक पाठवून द्या.”

घोंगडी गेली. त्यातलं एकही परत आलं नाही. उलट त्या पोरांच्या घरून नव्या ऑर्डरी आल्या. मग सिद्धूनेच सुताराला निरोप धाडला, “आमचा माग इकायचा न्हाई!”

तात्पर्य: मालाचे गुण सगळेच सांगतात, जो त्याची खोडही सांगतो, त्याच्याकडून लोक माल न पाहताही घेतात.