हेस्टरबाईंचं नाक

“...पण चांगली झालीय की नाही, एवढं तरी सांगाल, बाई?”

“तुला काय वाटतं?”

“माझं राहू द्या. मी तुम्हाला विचारतोय.”

हेस्टरबाईंनी पेला नाकाशी धरला. डोळे मिटले. कोठारात ओकच्या पिपांच्या रांगा निमूट उभ्या होत्या. बाहेर समुद्राकडचा वारा दाराची कडी हलवत होता...

“तुला काय वाटतं?” त्यांनी पुन्हा विचारलं.

कौस्तुभ देशमानेनं ओठ घट्ट मिटले. चार वर्षं तो हेच ऐकत आला होता.

कौस्तुभ मूळचा सांगलीकडचा. रसायनशास्त्र शिकला, पुढच्या शिक्षणाला हॉलंडला आला, पदवी पदरात पडली. नोकरी शोधायच्या दिवसांत एका रविवारी सायकलवरून भटकत असताना एका खेड्यात भट्टीचा वास आला, म्हणून तो उतरला. तो तिथंच राहिला.

खेडं उत्तरेकडचं, ग्रोनिंगन प्रांतातलं. नजर जाईल तिथवर सपाट रान, सातूची शेतं, आणि शेतांच्या शेवटी समुद्र अडवणारा बांध. भट्टी हेस्टरबाईंच्या आजोबांनी घातलेली. आजोबा तिच्यात जेनेव्हर गाळत. जुनिपरची फळं घालून करतात ती तिकडची जुनी दारू. व्हिस्की करायची टूम बाईंची. वडील म्हणाले होते, स्कॉटलंडवाल्यांचा धंदा स्कॉटलंडवाल्यांनी करावा. बाईंनी ऐकलं नाही.

आता बाई सत्तरीच्या पुढं गेल्या होत्या. मुलगी लोटे आग आणि यंत्रं सांभाळी. तिचं स्वतःचं म्हणणं असं, की तिच्या नाकाला कॉफीपलीकडं काही कळत नाही. त्यामुळं वास घेऊन निवाडा करायचा तो बाईंनीच. त्यांच्या नाकाचा पंचक्रोशीत दबदबा होता. धान्याची मूठ हुंगून ते कुठल्या शेतातलं हे त्या सांगत, असं लोक म्हणत.

कौस्तुभ त्यांना ‘बाई’ म्हणे. शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. अर्थ समजल्यावर त्यांनी तो शब्द ठेवून घेतला.

सुरुवातीलाच त्याची फजिती झाली होती. भट्टीतून पहिली धार आली आणि बाईंनी ती बादलीत सोडून दिली.

“अहो, आमच्याकडं पहिल्या धारेची म्हणजे अस्सल!” तो ओरडलाच.

“इथं तिनं खिडक्या पुसतात,” बाई म्हणाल्या होत्या. “शेवटची धारही नको. आपली ती मधली.”

मधली धार कुठं सुरू होते आणि कुठं संपते, हे ठरवणं हीच सगळी विद्या. ते वासावरून ठरवायचं. क्षणभर उशीर झाला तर पिपात ओल्या पुठ्ठ्याचा वास वर्षानुवर्षं मुरतो.

कौस्तुभ धारेखाली पेला धरी, हुंगे, बाईंकडं देई. बाई हुंगत. डोळे मिटत. मग तोच प्रश्न.

“तुला काय वाटतं?”

“आत्ता तोडावी.”

“मग तोड.”

कधी शाबासकी नाही. कधी चूक काढणं नाही.

कौस्तुभला आधी वाटलं, परीक्षा घेतायत. मग वाटलं, गंमत करतायत. शेवटी मनात एक कडवट गोष्ट येऊन बसली... परक्या मुलखातून आलेल्या पोराला चांगलं म्हणायला यांची जीभच वळत नाही.

आज तर त्याच्या स्वतःच्या पिपाचा दिवस होता. सातू भिजवण्यापासून पीप भरण्यापर्यंत सगळं त्यानं एकट्यानं केलं होतं. तीन वर्षं लाकडात काढल्याशिवाय तिला व्हिस्की म्हणायचं नाही, असा कायदा. ती मुदत सरली होती. थोड्याच वेळात शेजारीपाजारी जमणार होते आणि सगळ्यांदेखत पीप उघडायचं होतं. तिथं बाई काय म्हणतील, या धास्तीनं त्यानं सकाळीच पेलाभर काढून त्यांच्यापुढं धरली होती. स्वतः अजून हुंगलीही नव्हती.

आणि बाई तेच विचारत होत्या.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “थांबा.”

तो स्वयंपाकघरात गेला आणि दुसरा पेला भरून घेऊन आला. रंग तोच, मधासारखा. दोन्ही पेले त्यानं पिपावर शेजारी शेजारी ठेवले.

“यांत फरक काय, ते सांगा.”

बाईंनी एक हुंगला. दुसरा हुंगला. पुन्हा पहिला.

बराच वेळ गेला...

“मला दोन्ही सारखेच.”

कौस्तुभचा चेहरा उतरला. मग लाल झाला.

“सारखेच? बाई, यातली एक सुपरमार्केटातली आहे! सगळ्यात स्वस्त! लोटेनं केकमध्ये घालायला आणलेली!”

“असं?”

“असं काय! म्हणजे एक तर माझी चार वर्षं मातीत गेली, नाहीतर...”

तो थांबला.

“बोल की. नाहीतर?”

“नाहीतर तुमचं नाक गेलंय!”

बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली. गुरूला असं बोलायचं नसतं, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

बाईंनी पेला शांतपणे खाली ठेवला.

“गेलंच आहे की,” त्या म्हणाल्या.

“...काय?”

“नाक. तू आलास त्याच्या आदल्या हिवाळ्यात मला ताप आला होता. ताप गेला, जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, परत येईल. डॉक्टर भला माणूस आहे.”

आणि त्या हसू लागल्या. आधी खांदे हलले, मग सगळ्या बाईच हलल्या. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी एप्रनला पुसलं. पुन्हा त्या दोन पेल्यांकडं पाहिलं आणि पुन्हा हसत सुटल्या. “केकमधली!” एवढंच त्यांना म्हणता येत होतं.

कौस्तुभ पिपाला टेकला.

त्याला एकेक आठवायला लागलं. चुलीवर दूध करपून घरभर धूर झाला होता आणि बाई शेजारीच बसून शांतपणे विणत होत्या. तेव्हा त्याला वाटलं होतं, काय ही तंद्री! गावी फोन करून त्यानं आईला ते कौतुकानं सांगितलं होतं.

“मग धार तोडताना तुम्ही हुंगायचात ते?”

“सवय. हात आपोआप वर जातो.”

“आणि ‘तुला काय वाटतं’ म्हणायचात, ती परीक्षा...”

“कसली परीक्षा? मला कळत नव्हतं, म्हणून विचारत होते.”

कौस्तुभनं कोठारभर नजर फिरवली. भिंतीपासून भिंतीपर्यंत पिपं. चार वर्षांची. त्यातलं प्रत्येक पीप त्याच्या ‘आत्ता तोडावी’वर भरलेलं.

“बाई, चुकलं असतं तर?”

“तर दोघं चुकलो असतो. एकटीनं चुकायची मला हौस नाही.”

“मला आधी सांगायला हवं होतंत.”

“पहिल्या दिवशी सांगणारच होते. पण तू पेला हुंगून म्हणालास, ‘आत्ता’. इतका ठाम म्हणालास, की म्हटलं, बघू तरी.”

“लोटेला माहीत आहे?”

“सगळ्या गावाला माहीत आहे. तुलाच तेवढं नव्हतं.”

अंगणात सायकलींच्या घंटा वाजल्या. माणसं आली.

सातू पिकवणारा फोक्को सगळ्यांत पुढं होता. दारासारखा रुंद माणूस, रविवारचा कोट घातलेला. तिकडची एक रीत आहे. आनंद एकाचा असला तरी अभिनंदन सगळ्यांचं करायचं. फोक्कोनं लोटेचा हात हातात घेतला, “कौस्तुभच्या पिपाबद्दल अभिनंदन.” लोटेनं फोक्कोच्या बायकोचं केलं. फोक्कोच्या बायकोनं दूधवाल्याचं केलं. दूधवाला जरा गांगरला आणि त्यानं कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याचंही केलं. कोठार हसण्यानं भरून गेलं.

कौस्तुभचा हात सगळ्यांनी हलवला.

“बाई,” तो हळूच म्हणाला, “आज नको. मी पुन्हा तपासतो. प्रयोगशाळेत पाठवतो.”

बाईंनी खुंटीवरची तांब्याची लांब नळी काढली. पिपातून व्हिस्की काढायची. ती नळी आजोबांची. आजवर बाईंशिवाय कुणी तिला सगळ्यांदेखत हात लावला नव्हता. त्यांनी ती त्याच्या हातात दिली आणि स्वतः दोन पावलं मागं सरून, पेला पुढं करून, रांगेत उभ्या राहिल्या. दूधवाल्याच्या मागं.

कौस्तुभनं लाकडी बूच काढलं. नळी सोडली, वर अंगठा दाबला, बाहेर काढली. एकेकाचा पेला भरत गेला.

कुणी तोंडाला लावली नाही. त्या घरात आधी निवाडा व्हायचा, मग प्यायचं. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर होते. बाईंचेसुद्धा.

आता मात्र विचारायला कुणी नव्हतं.

त्यानं पेला नाकाशी नेला. डोळे मिटले.

आधी काहीच कळेना. स्वतःच्या छातीची धडधड तेवढी ऐकू येत होती. मग हळूहळू ती मागं पडली. चांगली आहे का, नाव होईल का, बाई काय म्हणतील... हेही मागं पडलं. पेला राहिला.

बराच वेळ गेला...

कुत्रं जांभई देऊन बसलं.

कौस्तुभनं डोळे उघडले. त्याचा चेहरा पाहून लोटेनं तोंडावर हात घेतला.

“बाटलीत भरूया,” तो म्हणाला.

फोक्कोनं जो आवाज काढला, त्यानं कोठाराच्या आढ्यावरची पाखरं उडाली. पेल्यांवर पेले आपटले. पुन्हा एकदा अभिनंदनांची फेरी झाली, दुसऱ्यांदा कुत्र्यालाही सोडलं नाही. फोक्को प्रत्येकाला पटवून देत होता, की यात त्याच्या बांधाकडच्या शेताचा वास आहे. त्याची बायको म्हणत होती, की त्याच्या कोटाचा आहे. कुणीतरी गळ्यात अडकवायची बाजाची पेटी आणली होती, ती सुरू झाली. लोटे चीजचे तुकडे वाटत वाटत नाचत होती.

बाई त्या गलबल्यातून बाहेर पडल्या. दाराशी उन्हात एक बाक होता, तिथं पेला घेऊन बसल्या. कौस्तुभ मागोमाग गेला आणि त्यांच्या पायाशी पायरीवर टेकला.

“सांग,” बाई म्हणाल्या.

“काय?”

“कशी आहे ती.”

कौस्तुभनं पेला हुंगला. डच शब्द शोधू लागला. सापडेना.

“बाई, तुम्ही गुऱ्हाळ पाहिलं नाहीत.”

“ते काय असतं?”

“आमच्याकडं उसाचा रस कढवून गूळ करतात, ती जागा. रानातच असते. हा तुमचा बाक आहे ना, त्याच्याहून रुंद कढई. खाली जाळ. थंडीतली सकाळ असते, अंगावर शाल घेऊन पोरं भोवती बसलेली. रस आटत जातो, हिरवटाचा तांबूस होतो. आणि गूळ व्हायच्या जरासा आधी... अजून झालेला नसतो, बाई, होणार असतो... तेव्हा जी वाफ येते...”

“गरम?”

“गरम. तोंडावर येते. डोळे मिटावे लागतात.”

बाईंनी डोळे मिटले. पेला नाकाशी नेला.

“मग?”

“मग ती वाफ विरते. मागं भाजलेल्या पावाची कड राहते. तीही जाते. पावसात भिजून उन्हात वाळलेलं लाकूड येतं. तेही थांबत नाही. आणि अगदी शेवटी, आता काही उरलं नाही असं वाटतं तेव्हा... मीठ. बांधापलीकडचं. तुमच्या समुद्राचं.”

बाईंचा पेला तसाच नाकाशी होता. सुरकुत्यांवर ऊन होतं.

आत बाजाच्या पेटीनं नवी चाल धरली. फोक्को मोठ्यानं हाका मारू लागला, हेस्टर कुठंय, कौस्तुभ कुठंय, पेले रिकामे झाले!

कौस्तुभ उठला. त्यानं बाईंच्या खांद्याला हात लावला.

“बाई, आत बोलावतायत. चला.”

बाईंनी डोळे उघडले नाहीत.

“थांब जरा,” त्या म्हणाल्या. “वास अजून येतोय.”