घुबडांचं सोयर

बाळंतिणीच्या दाराला कडुलिंबाची डहाळी बांधतात, हे तुम्हाला ठाऊकच असेल. पण पडक्या बुरुजाच्या दाराला बांधलेली कधी पाहिलीत का?

फार फार वर्षांपूर्वी हिवरसांगवीत ठकूआई नावाची सुईण होती. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. एका साली ज्वारी निसवायच्या, कणसं बाहेर पडायच्या बेतात आली आणि उंदरांना ऊत आला. उभी ताटं बुडाशी कुरतडून आडवी व्हायला लागली. शिवारातली मातीच चालतेय असं वाटायचं, असं म्हणतात. पीक गेलं असतं तर गावाला गाव सोडावं लागलं असतं.

उंदरांमागोमाग घुबडं आली. नदीपलीकडून आली, डोंगरापलीकडून आली. गावाच्या पडक्या बुरुजाचा एकेक कोनाडा भरला.

"या अवदसांनीच उंदीर आणले," पाटील म्हणाले. "बुरुजात कडबा पेटवा!"

ठकूआईलाही घुबडाची भीती वाटायची. पण बुरुजाच्या आतून बारीक चिवचिव ऐकू आली आणि सुईणीचा पाय थांबेना. ती डोकावली. एकेका कोनाड्यात आठ-आठ, नऊ-नऊ अंडी! एकातून नुकतंच पिल्लू निघालेलं. खाली उंदरांच्या हाडांचा ढीग. ठकूआईच्या ध्यानात आलं. खायला मुबलक, म्हणून कूस अशी उजवली. उंदीर घुबडांनी आणले नव्हते, उंदरांनी घुबडं आणली होती.

पाटील चूड घेऊन आले, तर दाराला कडुलिंबाची डहाळी.

"हे काय, ठकूआई?"

"सोयर. आत बाळंतीण आहे. दहा दिवस कुणी पाऊल टाकायचं नाही."

"घुबडाची कसली बाळंतीण?"

"पाटील, तुमची नाळ याच हातानं कापली. बाळंतीण ओळखायला मला शिकवता होय?"

माणसं फिदीफिदी हसली. पण सोयर मोडायची छाती कुणाची? पाटलांनी चूड विझवली.

दहा दिवसांनी ते पुन्हा आले. "फिटलं का सोयर?"

"कालच आणखी एक झालं. पुन्हा दहा मोजा."

घुबडाची अंडी एकदम फुटत नाहीत. आज एक, परवा दुसरं. सोयर काही फिटेना. रोज दिवेलागणीला बुरुजातून पांढरे पंख दूध उतू गेल्यासारखे बाहेर पडायचे. भर अमावास्येला शिवारात चांदणं पडायचं, असं म्हणतात. हळूहळू ताटं आडवी व्हायची थांबली. कणसं भरली. जुनी डहाळी वाळली तेव्हा नवी पाटलांनीच आणली.

आजही ज्वारी निसवायला लागली की गावातली सगळ्यात थोरली बाई बुरुजाला डहाळी बांधते. घरोघर सुंठवडा वाटतात. सुगी होईपर्यंत तिकडे कुणी खडासुद्धा भिरकावत नाही. याला ठकूआईचं सोयर म्हणतात.

त्या पहिल्या साली शेवटची पिल्लंही उडायला लागली आणि एका संध्याकाळी शिवारात उंदीर दिसेनासा झाला. ठकूआईनं बुरुजाच्या उंबऱ्यावर भरल्या कणसांची ओटी ठेवली. "बायांनो, फार उपकार झाले," ती म्हणाली. "आता जिथं लेकरांच्या पोटाला मिळेल, तिथं सुखानं जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बुरूज रिकामा होता, आणि गावानं ज्वारीची काढणी सुरू केली.