कबरीचा वेगळा दोर

फार फार वर्षांपूर्वी, ध्रुवाकडच्या बर्फाच्या मुलखात, सकाळी बरोबर सात वाजून दहा मिनिटांनी कबरी कुत्रीचं डोकं फिरलं.

त्या दिवशी मोहिमेची, बर्फावरून घसरत जाणारी नवी स्लेजगाडी आली होती. जुन्या गाडीला प्रत्येक कुत्र्याचा दोर वेगळा असायचा, पंख्यासारखा पसरलेला. नवीने सातही जणांना एकाच लांब दोराला ओळीत जुंपलं. सगळ्यांत पुढे कबरीचं पिल्लू, गोंड्या, आणि सगळ्यांत मागे कबरी.

"गाडीबाई, पुढे समुद्रावरचा बर्फ आहे, तो फुटतो," कबरी गुरगुरली. "एक पडला तर सगळे ओढले जातील. वेगळे दोर द्या."

"वेगळे दोर गुंततात, कबरे. ओळ कशी छान दिसते बघ! तुम्हा आयांना मेला उगीच घोर."

"छान दिसायला निघालोय का आपण?"

पण कोण ऐकतंय!

दुपारी बर्फ कडाडला आणि गोंड्या पाण्यात गेला. मागचे दोघे दोरासकट काठापर्यंत फरफटले. कबरीने बर्फाच्या उंचवट्याला वळसा घालून दोर अडकवला आणि नखं मोडेपर्यंत ओढला. गोंड्या कुडकुडत वर आला.

"माझी काय चूक? ओळ तर सरळच होती," गाडी पुटपुटली.

कबरीने दातांनी त्या दोराचे तुकडे केले. "गुंता झाला तर मी बसून सोडवीन. पण वेगळे दोर आल्याशिवाय आमच्यातलं कुणीही एक पाऊल उचलणार नाही."

गाडीने सात वेगळे दोर बाहेर काढले.

तुमच्याकडेही कोणी छान दिसावं म्हणून लेकरांना एका दोराला जुंपत असेल, तर कबरीचा हा निरोप त्यांना तेवढा पोचवा.