अकरा मिनिटांच्या शेवंताबाई

"मग प्रस्तावना कधी देताय, आप्पा?"

प्रणव कुलथेनं तिसऱ्यांदा विचारलं. रेडिओवर साध्यासुध्या माणसांची, त्यांच्याच आवाजातली छोटी ध्वनिचित्रं लागतात ना, त्यांची परीक्षणं तो पेपरात लिहायचा. आणि लेखणीची ऐट काय विचारता! आता त्या परीक्षणांचं पुस्तक निघत होतं. पण ज्यांच्या हाताखाली तो ऐकायला शिकला, त्या आप्पा टेंभेकरांच्या प्रस्तावनेशिवाय प्रकाशक छापायला तयार नव्हता.

आप्पांनी सुपारी कातरायला घेतली.

"आवडली नाहीत का?"

"मला नको विचारूस. त्यांना विचार."

पडवीत एक वयस्क बाई बसल्या होत्या. डोक्यावर पदर, पायाशी छिन्नी-हातोड्याची पिशवी.

"रामराम, दादा."

चेहरा कधी पाहिला नव्हता, पण आवाज त्यानं लगेच ओळखला. शेवंताबाई धोत्रे. पाट्या-वरवंट्यांना टाकी लावत दारोदार फिरणाऱ्या. त्यांच्यावरच्या अकरा मिनिटांच्या ध्वनिचित्राची त्यानं गेल्याच महिन्यात सालटी काढली होती.

शेवंताबाईंनी कमरेच्या चंचीतून पेपरचं कात्रण काढलं. घडी घालून घालून ते फाटायला आलं होतं.

"तुमीच लिवलंय न्हवं? तुमच्या तोंडनं ऐकावं म्हनलं. वाचा की."

प्रणवनं कात्रण हातात घेतलं. त्यात छापलं होतं: 'एका निरक्षर बाईचं कंटाळवाणं पुराण. पोरगा गेल्याचं सांगतानाही आवाज कोरडा ठणठणीत. हे दुःख खरं वाटतच नाही.'

त्यानं आप्पांकडे पाहिलं. आप्पा सुपारी कातरत राहिले.

"शेवंताबाईंचा आवाज..." त्यानं घसा खाकरला. "...काळजाला हात घालतो. पोरगा गेल्याचं त्या सांगतात तेव्हा आपलेही डोळे भरून येतात. अशी माणसं रेडिओनं वरचेवर ऐकवावीत."

शेवंताबाई कात्रणाकडे बघत ऐकत होत्या.

"झालं?"

"झालं."

"लई ग्वाड वाचलंत, दादा..."

कात्रण त्यांनी परत मागितलं नाही. पिशवी उचलली, आप्पांना हात जोडले आणि पायऱ्या उतरून निघून गेल्या.

प्रणवनं सुस्कारा सोडला.

"सुटलो बुवा! मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं मला. खोटं बोललो खरा, पण बिचारीचं मन तरी राखलं. चुकलं का माझं?"

"कुठवर ऐकलं होतंस तू त्यांना?"

"कुठवर म्हणजे... पाचेक मिनिटं असतील. मुरलेला कान आहे, आप्पा. तेवढ्यात माणूस कळतो."

आप्पांनी पुस्तकाचे कागद गोळा केले, नीट दोरीत बांधले आणि त्याच्या मांडीवर ठेवले. प्रस्तावनेचं पान त्यात नव्हतं.

"सातव्या मिनिटाला त्या साक्षरता वर्गात जातात... आणि शेवटी सगळ्या वस्तीला पेपर वाचून दाखवतात."